निकाल सापडला, पण तो जिवंत आहे का?

पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचं नाव जरा भारदस्त छापलं गेलंय : विधी तंत्रज्ञान, नवोपक्रम आणि कायद्याचं ग्रंथालय. घाबरू नका. आम्ही ग्रंथालयातली माणसं. वकिली करत नाही आणि संगणकाचे प्रोग्रामही लिहीत नाही. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, कुठलं घेऊ नये, हे आज आम्ही सांगणार नाही. ते सांगायला विक्रेते रोज फोन करतातच. आम्ही बोलणार आहोत ते आमच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूने काय दिसतं त्याबद्दल.

गेल्या दोन-तीन वर्षांत या टेबलावर येणारा प्रश्नच बदलला आहे. पूर्वी वकील यायचे, त्यांचे ज्युनिअर यायचे, कधी स्वतः पक्षकार यायचे आणि विचारायचे, "अमुक मुद्द्यावर एखादा निकाल आहे का?" आता लोक निकाल हातात घेऊनच येतात, मोबाइलच्या पडद्यावर, आणि विचारतात, "हा खरा आहे का हो?" शोधण्याचं काम यंत्राने सोपं केलं, आणि खात्री करण्याचं काम वाढवून ठेवलं. आजचं सगळं बोलणं या एका बदलाभोवती आहे.

आधी थोडं मागे जाऊ. कायद्याच्या दुनियेत प्रत्येक छापील निकालाला एक पत्ता असतो, त्याला सायटेशन म्हणतात. केशवानंद भारतींचा खटला आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यातला. त्याचा एक पत्ता 'एआयआर १९७३ एससी १४६१', दुसरा '(१९७३) ४ एससीसी २२५'. म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९७३ च्या सर्वोच्च न्यायालय विभागात पान १४६१, आणि सुप्रीम कोर्ट केसेसच्या त्या वर्षीच्या चौथ्या खंडात पान २२५. निकाल एकच, घरं दोन. शिवाय सरकारी सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्समध्ये तिसरं.

असं का झालं? कारण निकाल छापणं हे काम आपल्याकडे सरकारने एकट्याने कधी पेललंच नाही. १८७५ च्या इंडियन लॉ रिपोर्ट्स कायद्याने सांगितलं की सरकारी अधिकाराने छापलेल्या अहवालांपलीकडचे अहवाल ऐकून घ्यायला न्यायालय बांधील नाही. कायदा झाला, पण सरकारी खंड यायला उशीर होई, आणि वकिलाची तारीख काही खंडाची वाट बघत थांबत नाही. मग खासगी मंडळी पुढे आली. मुंबईत १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टर निघू लागलं. नागपूरच्या चितळ्यांनी ऑल इंडिया रिपोर्टर उभं केलं. देशभरच्या न्यायालयांत रोज उच्चारली जाणारी 'एआयआर' ही तीन अक्षरं आपल्या विदर्भातून गेलेली आहेत, हे किती मराठी माणसांना ठाऊक असतं कोण जाणे. १९६९ मध्ये लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने सुप्रीम कोर्ट केसेस सुरू केलं.

या प्रकाशकांनी नुसते निकाल छापले नाहीत. निकालाच्या डोक्यावर सारांश दिला, परिच्छेदांना क्रमांक दिले, कुठला न्यायमूर्ती सहमत, कुठला असहमत, हे नोंदवलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जुना निकाल पुढे कोणी उचलून धरला, कोणी वेगळा काढला, कोणी रद्दबातल ठरवला, याच्या सूची केल्या. या शेवटच्या कामाचा पूर्वज अमेरिकेत सापडतो. फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ मध्ये डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. वकिलाने आपल्या पुस्तकात त्या निकालाच्या समासात चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर लिहिलेलं असे की हा निकाल पुढे कुठे कुठे उद्धृत झाला. पुढे त्या चिठ्ठ्यांची पुस्तकं झाली, पुस्तकांचे डेटाबेस झाले, आणि अमेरिकी वकिलांच्या बोलीत 'शेपर्डाइझ करणं' असं क्रियापदच रुळलं.

आपल्याकडेही चिठ्ठ्या होत्याच. अधिनियमात दुरुस्ती झाली की छापील दुरुस्ती-पट्टी यायची, ती कात्रीने कापून मूळ कलमावर डिंकाने चिकटवायची. जुन्या शासकीय ग्रंथालयात जा, काही नियमपुस्तिका अशा पट्ट्यांनी फुगून दुप्पट जाड झालेल्या दिसतील. बघायला अगदी गबाळं काम. पण त्या पट्टीमुळे वाचणाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी दिसायच्या, आधी काय होतं आणि आता काय आहे. पट्टी उचलून खालचं कलम वाचता यायचं! ही सोय पडद्यावर अजून नीट मिळालेली नाही. त्याकडे पुन्हा येऊ.

आता एका खटल्याबद्दल बोलायलाच हवं, कारण तो आमच्या धंद्याच्या मुळाशी आहे आणि त्याच्यामागे चक्क एका कायद्याच्या ग्रंथालयाची गोष्ट आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ ला निकाल दिला. काही मंडळींनी सीडी-रॉमवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल विकायला काढले होते. ईस्टर्न बुक कंपनीचं म्हणणं, हा मजकूर आमच्या एससीसीमधून उचलला आहे, आणि त्यावर आमचा कॉपीराइट आहे. प्रश्न असा, की न्यायालयाचा निकाल तर सगळ्यांचा. कॉपीराइट कायद्यानेच, निकालाच्या पुनर्मुद्रणावर न्यायालयाने बंदी घातली नसेल तर ते छापायला मुभा दिली आहे. मग संपादकाने त्यात स्वल्पविराम घातले, चुका दुरुस्त केल्या, परिच्छेद पाडले, तर तो निकाल संपादकाचा होतो का?

न्यायालयाने मधला रस्ता काढला. नुसते कष्ट केले, पैसे घातले, म्हणून हक्क मिळत नाही. त्या कामात कौशल्य आणि विचार हवा, यांत्रिक दुरुस्ती पुरेशी नाही. मूळ निकालाचा मजकूर कुणीही छापावा. पण अखंड मजकुराचे अर्थ लावून परिच्छेद पाडणं, त्यांना आतून क्रमांक देणं, आणि कुठला न्यायमूर्ती सहमत, कुठला अंशतः सहमत, कुठला असहमत हे ठरवून नोंदवणं, यात कायद्याची जाण लागते, म्हणून तेवढ्यापुरतं संरक्षण आहे.

हा 'कौशल्य आणि विचारा'चा निकष आपल्या न्यायालयाने घेतला तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालातून. आणि तो खटला कशावरून झाला होता? टोरोंटोच्या ऑसगुड हॉलमधल्या ग्रेट लायब्ररीवरून. हे वकिलांच्या संस्थेचं ग्रंथालय वकिलांना निकालांच्या फोटोकॉपी काढून पाठवत असे, आणि कायद्याच्या प्रकाशकांनी त्यावर दावा लावला होता. ग्रंथालय जिंकलं. एका ग्रंथालयाच्या झेरॉक्स मशीनवरून सुरू झालेला वाद असा फिरत फिरत दिल्लीला आला.

मोडक निकालानंतर पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००८ मध्ये, इंडियन कानून सुरू झालं. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता असं आमचं म्हणणं नाही. पण योग मोठा आहे. सुशांत सिन्हा या संगणक शास्त्रज्ञाने बांधलेल्या या शोधयंत्राने निकाल फुकट आणि कुणालाही शोधता येण्याजोगे केले. ज्या तालुक्याच्या बाररूममध्ये एआयआरचे खंड वर्गणी थकल्यामुळे मध्येच कुठेतरी थांबलेले असतात, तिथल्या वकिलासाठी हा बदल केवढा होता, हे शहरातल्या माणसाला पटकन कळायचं नाही. पुढे २ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत अहवालांचं ई-एससीआर खुलं केलं, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत तटस्थ सायटेशन आणलं. 'तटस्थ' म्हणजे कुठल्याही प्रकाशकाच्या पानावर अवलंबून नसलेलं : वर्ष, न्यायालयाची खूण, अनुक्रमांक. सर्वोच्च न्यायालयासाठी 'आयएनएससी'. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात 'बीएचसी'नंतर शाखेची खूणही येते, त्यामुळे अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर, औरंगाबाद, गोवा हे नुसत्या क्रमांकावरून कळतं. आम्हा ग्रंथपालांना विचाराल तर गेल्या काही वर्षांतली सगळ्यात उपयोगी सुधारणा हीच. दिसायला एक क्रमांक, पण निकालाला स्वतःचं कायमचं घर मिळालं.

म्हणजे मजकूर खुला झाला. पण मोडक निकालाने ज्याला कौशल्य म्हटलं, ते मजकुराबरोबर आपोआप खुलं झालं नाही. इथून खरी अडचण सुरू होते.

एक उदाहरण घ्या. आणीबाणीतला ए.डी.एम. जबलपूर खटला, २८ एप्रिल १९७६. पाच न्यायमूर्ती. चौघांनी म्हटलं की राष्ट्रपतींच्या आदेशामुळे स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोध नोंदवला. २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला. पण १९७६ चा मजकूर होता तसाच आहे. तो कुठल्याही शोधयंत्रात सापडेल, छान वाचता येईल, तर्क भारदस्त वाटतील. त्याच्या अंगावर कुठेही लिहिलेलं नाही की हा निकाल मेलेला आहे. आणि गंमत म्हणजे त्याच मजकुराच्या पोटात खन्नांचं मत आहे, ते मात्र आज मानाने वाचलं जातं. एकाच फाइलमध्ये पाच मतं. कुठलं कुणाचं, कुठलं बहुमताचं, हे न बघता मधला परिच्छेद उचलला, तर निकालाच्या अगदी उलट अर्थ हातात येऊ शकतो. शेपर्डची चिठ्ठी इथे लागते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे. चॅटसारखं बोलणारी ही यंत्रं काय करतात, ते अगदी थोडक्यात सांगतो. ती कपाटातून पुस्तक काढत नाहीत. अफाट मजकूर वाचून, कुठल्या शब्दांनंतर कुठले शब्द येण्याची शक्यता जास्त, हे त्यांनी शिकलेलं असतं. म्हणून भाषा सफाईदार येते. आणि म्हणूनच सायटेशन ही त्यांना बनवायला सगळ्यात सोपी गोष्ट! विचार करा ना : एआयआर, एक वर्ष, एससी, एक संख्या. दोन आडनावं आणि मध्ये 'विरुद्ध'. इतका ठरीव साचा भाषेत दुसरा क्वचितच सापडेल. साचा जितका पक्का, तितकी नक्कल बिनचूक दिसते. आपण शतकभर वापरलेली शिस्तच खोट्याला वेश म्हणून मिळाली.

न्यूयॉर्कचा माता विरुद्ध एव्हियांका खटला तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. विमानात खाण्यापिण्याची गाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने नुकसानभरपाई मागितली होती. त्याच्या वकिलांनी दाखल केलेल्या निवेदनात अस्तित्वातच नसलेले निकाल निघाले, चॅटजीपीटीने रचलेले. जून २०२३ मध्ये न्यायाधीश कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलर दंड केला. लांबची गोष्ट म्हणून हसून सोडू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्राप्तिकराचं एक प्रकरण आलं. करनिर्धारणाच्या आदेशात ज्या तीन निकालांचा आधार घेतला होता, ते निकाल मुळात नव्हतेच. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि अर्धन्यायिक काम करणाऱ्यांनी यंत्राने दिलेलं आंधळेपणाने वापरू नये, आधी पडताळावं, असं बजावलं. इथे एक फरक लक्षात घ्या. न्यूयॉर्कमध्ये खोटा आधार वकिलाने दिला होता, समोर प्रतिपक्ष होता, त्याने तो पकडला. मुंबईच्या प्रकरणात आधार देणारी बाजू निर्णय करणारीच होती. ज्याच्यावर कर लागला, त्याच्याकडे उच्च न्यायालयात जाण्याची ताकद होती म्हणून हे उजेडात आलं. नसती तर?

यावर विक्रेते म्हणतात, आमचं साधन तसं नाही. ते आधी खऱ्या निकालांच्या साठ्यातून कागद काढतं आणि मग त्यावरून उत्तर लिहितं. हे खरं आहे, आणि त्याने फरकही पडतो. पण स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांची अशी कायद्याची साधनं तपासली, तेव्हा १७ ते ३३ टक्के उत्तरांत काहीतरी रचलेलं किंवा आधार नसलेलं सापडलं. साधनं सुधारत जातील. तरी आमच्या मते पूर्णपणे बनावट निकाल हा त्यातला सगळ्यात धोकादायक प्रकार नव्हेच. तो पाच मिनिटांत पकडता येतो : क्रमांक टाका, नाही सापडला, संपलं.

धोका आहे तो खऱ्या निकालाचा खोटा अर्थ सांगण्यात. आपल्याकडचे निकाल लांब. त्यात पानंच्या पानं 'अपीलकर्त्याच्या विद्वान वकिलांनी असं प्रतिपादन केलं' अशी असतात. ते प्रतिपादन न्यायालयाने पुढे फेटाळलेलं असतं, पण वीस पानं पुढे. यंत्राला त्या प्रतिपादनातलं वाक्य आपल्या प्रश्नाशी तंतोतंत जुळतं असं दिसतं, आणि ते 'न्यायालयाने म्हटलं' म्हणून समोर ठेवतं. सायटेशन खरं, परिच्छेद खरा, शब्द खरे. अर्थ मात्र हरलेल्या बाजूचा. हे पकडायला क्रमांक तपासून भागत नाही, निकाल वाचावा लागतो. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यात वाचकाचा वेळ वाचवण्याचा एक नियम आहे. तो आम्ही रोज पाळतो. पण वाचनच वाचवा, असं काही त्यांनी सांगितलेलं नाही.

आता त्या चिकटवलेल्या पट्टीकडे परत येऊ. कायदा शोधताना फक्त 'काय' पुरत नाही, 'कोणत्या तारखेला' हेही लागतं. आपल्याकडचं घरगुती उदाहरण कुळकायद्याचं. १९४८ चा कुळवहिवाट कायदा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळं जमिनीची मालक झाली. अशी मिळालेली जमीन विकायची तर कलम ४३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागायची. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली : खरेदीला दहा वर्षं उलटली असतील, तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून, काही अटींवर, पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येऊ लागली. आता समजा एका बहीण-भावांचा वाद आहे, वडिलांनी २००५ मध्ये केलेल्या खरेदीखतावरून. कुणी मोबाइलवर विचारलं, 'कलम ४३ ला परवानगी लागते का?' यंत्र आजचं कलम वाचून सांगेल, लागत नाही. उत्तर आजसाठी ठीक, २००५ साठी चूक. उलटही होतं. २०१४ नंतरच्या व्यवहाराला १९९० च्या दशकातला निकाल लावला जातो, कारण तो शोधात वर येतो. दोन्ही वेळा कागद खरा असतो. जमीन मात्र जाते किंवा अडकते.

त्यात नावांचा घोळ. या कायद्याचं नाव दीर्घकाळ 'बॉम्बे टेनन्सी अँड ॲग्रिकल्चरल लँड्स ॲक्ट' होतं. २०१२ च्या एका कायद्याने अशा अनेक अधिनियमांच्या नावातलं 'बॉम्बे' जाऊन 'महाराष्ट्र' आलं. बदल योग्यच होता. पण शोधताना नवं नाव टाकलं की जुने निकाल मागे राहतात, जुनं टाकलं की नवे. आणि टेबलाशी येणारा माणूस यातलं कुठलंच नाव घेत नाही. तो 'कुळकायदा' म्हणतो, 'तुकडेबंदी' म्हणतो, '३२ ग चं प्रकरण' म्हणतो. लोकांच्या तोंडचं नाव, जुनं नाव आणि आजचं नाव ही तिन्ही एकाच कायद्याची आहेत, हे कुठेतरी जोडून ठेवणं म्हणजे आमच्या भाषेत विषयसूची. कंटाळवाणं काम आहे. कुठल्याही स्टार्टअपच्या जाहिरातीत ते दिसायचं नाही, पण त्याच्यावाचून साधन चालतही नाही.

१ जुलै २०२४ पासून तर हा प्रश्न प्रत्येक पोलीस ठाण्यात पोचला. भारतीय दंड संहितेत खून म्हणजे ३०२. भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये, आणि तिथलं ३०२ आहे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल. फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये; नव्या संहितेत कलमंच ३५८. म्हणजे मराठीतला 'चारसोबीस' आता कायद्याने बेघर झाला, भाषेत राहील. पण ३० जून २०२४ पर्यंतच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू, ते खटले पुढे कित्येक वर्षं चालणार. तोवर नुसता '३०२' हा शोधशब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टी समोर आणत राहणार. तारीख विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये, हे आमच्या टेबलावरचं जुनं पथ्य आहे. यंत्रांना ते शिकवता येईल. अजून बहुतेकांना शिकवलेलं नाही.

मराठीबद्दल थोडं. उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत, राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे. जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी. मधला पूल म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' हे भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं, आता मराठीतही निकाल मिळू लागले आहेत. चांगलंच आहे. पण 'लीव्ह ग्रँटेड', म्हणजे अपील करण्यास परवानगी दिली, याचं यंत्राने 'सुट्टी मंजूर' केलं, हा किस्सा न्यायालयाच्या वर्तुळातूनच जाहीरपणे सांगितला गेला आहे. भाषा संचालनालयाचा 'न्याय व्यवहार कोश' अशा शब्दांसाठीच तर केलेला. भाषांतराच्या यंत्रांना वर्तमानपत्रांचा मजकूर भरपूर मिळतो. असे कोश, जुनी मराठी निकालपत्रं, राजपत्रं मिळत नाहीत, कारण त्यांतलं बरंच काही युनिकोडपूर्व फाँटमध्ये किंवा वाकड्या स्कॅनमध्ये अडकलं आहे. डोळ्यांना अक्षर दिसतं, शोधयंत्राला कचरा दिसतो. शासन निर्णयांवर लांबलचक संकेतांक असतो, ही सोय चांगली. पण तो निर्णय पुढे अधिक्रमित झाला का, हे जुन्या कागदावर कोण लिहिणार? शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेवर दीर्घकाळ कुटुंबांचे वारसाहक्क ठरत आले, आणि तिचं अधिकृत इंग्रजी भाषांतर राजपत्रात यायला २०१८ साल उजाडलं. तोपर्यंत दीड शतक ज्यांना पोर्तुगीज येत नव्हतं, त्यांनी आपला कायदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला.

आणखी एक गोष्ट, जतनाची. हार्वर्ड विधी विद्यालयाच्या ग्रंथालयाने आपले अमेरिकी निकालांचे खंड स्कॅन केले : सुमारे चार कोटी पानं, ६७ लाखांच्या आसपास निकाल. वेगाने स्कॅन व्हावं म्हणून पुस्तकांचे कणे कापले! ऐकून आमच्या पोटात गोळा आला होता. पण कापलेली पानं त्यांनी फेकली नाहीत. हवा काढून सीलबंद केली आणि केंटकीतल्या चुनखडीच्या खाणीत ठेवली. खुलं करायचं आणि मूळही ठेवायचं. याच ग्रंथालयाने परमा नावाची सेवा उभी केली, कारण अभ्यासात दिसलं की अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या वेब-दुव्यांपैकी निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोचतच नव्हते. निकालात दिलेला आधारच उद्या उघडला नाही, तर तो आधार होता हे कोण सांगणार?

आपल्याकडे मात्र 'सगळं ऑनलाइन आहे' या एका वाक्यावर छापील खंडांची वर्गणी बंद होते आणि ग्रंथपालाचं पद रिकामं राहतं. डेटाबेसची वर्गणी म्हणजे भाडं. पुढच्या वर्षी पैसे नाहीत तर मागच्या वर्षांचंही काही हातात राहत नाही. घेतलेला खंड निदान कपाटात तरी असतो. छापीलच ठेवा, असा आमचा हट्ट नाही. पण रद्दीत काढण्याआधी एवढं बघा, की त्या जिल्ह्यात तो संच दुसऱ्या कुणाकडे आहे का, आणि तो कुठे स्कॅन झाला आहे का.

शेवटी, ज्यांच्याकडे महागडे डेटाबेस नाहीत त्यांच्यासाठी. यंत्राने निकाल दिला, तर आधी तो ई-एससीआरवर किंवा त्या उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडा. तटस्थ क्रमांक, पक्षकारांची नावं, तारीख, पीठ ही चारही जुळली पाहिजेत. तीन जुळून चालत नाही. मग जो परिच्छेद वापरायचा आहे, त्याच्या मागची दोन पानं आणि पुढची दोन पानं वाचा : बोलतंय कोण, वकील की न्यायालय, बहुमत की विरोधी मत. मग त्या निकालाचं नाव शोधात टाकून नंतरचे निकाल बघा, कुणी तो नाकारला आहे का. आणि कलम असेल तर इंडिया कोडवर जाऊन तळटीपा वाचा. कुठल्या वर्षीच्या कायद्याने कुठला शब्द आला, ते त्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पट्टीखालचं कलम आजही तिथेच सापडतं.

मोठ्या शहरातल्या वरिष्ठ वकिलाकडे हे सगळं करायला तीन ज्युनिअर असतात. तालुक्याच्या वकिलाकडे मोबाइल असतो आणि उद्याची तारीख असते. म्हणून आमची मागणी अशी आहे की प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या ग्रंथालयात पडताळणीचं एक टेबल असावं. फोनवर सायटेशन सांगा, तासाभरात उत्तर मिळेल : आहे, नाही, आहे पण रद्द झालेला. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. एक जाणता माणूस, एक वर्गणी आणि एक नोंदवही लागते. कुठला निकाल कुणी, कधी विचारला आणि काय निघालं, हे त्या वहीत लिहीत गेलं, तर वर्षभरात आपल्या जिल्ह्यात कुठले बनावट निकाल फिरताहेत तेही कळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. माइक मागच्या रांगेकडून सुरू करा, पुढच्यांना नेहमीच आधी मिळतो.